कोरडा पंचा

यंदा नांदेडलाही टँकर आले. फाल्गुन संपता संपता आमच्या कॉलनीतल्या बोअरने पाण्याऐवजी नुसती हवा सोडायला सुरुवात केली, आणि एका सकाळी कोपऱ्यावरून तो हॉर्न ऐकू आला. लांबलचक, घसा बसल्यासारखा. हातातलं पुस्तक उघडंच टेबलावर पालथं घालून मी दारापर्यंत गेले. मग लक्षात आलं की घाई करायचं काही कारण नाही. इथे खाली टाकी आहे, टाकीला मोटर आहे. पाणी वर न्यायला माणूस लागत नाही, आणि वर कुणी वाटही बघत नाही.

त्याच आठवड्यात गुडघ्यांसाठी डॉक्टरांकडे जाऊन आले होते. त्यांनी आधी काट्यावर उभं केलं, मग कमरेला टेप लावली आणि एका कागदावर लिहून दिलं: वजन आठ किलोने कमी करणे. खाली कमरेचा घेर किती असावा तो आकडा. कागद मी घडी करून पर्समध्ये ठेवला. आयुष्यभर ग्रंथालयात नोकरी केल्यामुळे कागद फेकवत नाही. घरी आल्यावर तो वाचत्या पुस्तकात खूण म्हणून गेला.

काट्यावर उभी राहिले की मला आप्पांचा आवाज ऐकू येतो. आप्पा म्हणजे माझे वडील. ते म्हणायचे, "वजन पोत्याचं करतेत, नंदा. माणसाचं कशाला करायलेत?"

हे बोलायचा त्यांना अधिकार होता. लातूरच्या मार्केट यार्डात तीस वर्षं ते मापाडी होते. शेतकऱ्याची तूर, हरभरा, नंतरच्या काळात सोयाबीन काट्यावर चढायचं आणि काटा स्थिर झाला की आप्पा आकडा पुकारायचे. घेणारा आणि विकणारा दोघेही त्या आवाजाकडे कान लावून उभे असत. पोती मोजताना ते 'एक' कधीच म्हणत नसत. जुन्या मापाड्यांच्या रीतीप्रमाणे पहिल्या पोत्याला 'लाभ' म्हणायचं, मग दोन, मग तीन. एकाने मोजणी सुरू करणं त्यांना उघड्या डोक्याने पूजेला बसल्यासारखं वाटे. लहानपणी मी जिन्याच्या पायऱ्याही लाभ, दोन, तीन अशाच मोजायला शिकले. शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी अंक म्हणायला सांगितले तेव्हा मी 'लाभ' म्हणाले होते आणि वर्ग हसला होता.

लातूरचा वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी ते रेणापूरजवळचं गाव सोडून लातुरात आले. गुलाल उधळला जात होता, ट्रकवर वाजंत्री होती. "मी काट्यापाशीच व्हतो," ते सांगायचे. "जिल्हा झाला म्हणून काय तुरीचं वजन वाढतंय?" मग म्हणायचे, "पण वाटलं बरं. आता सगळं हितं यील, असं वाटलं."

पुढे बरंच आलं. रस्ते आले, कॉलेजं आली, दवाखाने आले. ज्या उन्हाळ्याबद्दल मी लिहिते आहे, त्या उन्हाळ्यात मात्र पाणी रेल्वेने आणावं लागलं.

त्या वर्षी माघात, शिवरात्रीच्या आधी चार दिवस, आप्पांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं लवकर सावरलं, पायही काठीच्या आधाराने चालू लागला. डावा हात मात्र खांद्यापासून लोंबत राहिला. आई जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मी साठवलेली सगळी रजा एकदम काढली आणि नांदेडहून लोहा, अहमदपूर करत एसटीने लातूरला आले. घर वरच्या मजल्यावर. बाहेरून बावीस पायऱ्यांचा जिना. अकराव्या पायरीवर वळण आणि तिथे छोटा सपाट कट्टा.

दवाखान्यात त्यांचं वजन करायला गेले तर ते काट्याशेजारी काठी रोवून उभे राहिले. "मापाडी काट्यावर चढत न्हाई," ते नर्सला म्हणाले. "चढला तर काटा बघणार कोण?"

नर्स हसली, पण फाईलमध्ये वजन लागतंच. दोघांनी धरून त्यांना चढवलं. फाईलवर लिहिलं गेलं की दहा किलो कमी व्हायला हवेत, साखर इतकी हवी, रोज खोलीतल्या खोलीत दहा फेऱ्या व्हायला हव्यात. आप्पांनी तो कागद चष्मा लावून पूर्ण वाचला आणि माझ्याकडे परत दिला. पुढचे पंधरा दिवस त्यांनी त्यातलं काहीही केलं नाही.

मेघा यायला लागली ती त्यानंतर. ती फिजिओथेरपिस्ट, मूळची मुखेडची, पंचविशीतली. येताना स्वतःच्या पाण्याची बाटली घेऊन यायची, कारण त्या दिवसांत लातुरात कुणाच्या घरी पाणी मागणं बरं दिसत नव्हतं. तिच्याकडेही छापील फॉर्म होता. वजन, रक्तदाब, फेऱ्या, सगळ्याचे रकाने. आठवडाभर आप्पांनी तिलाही दाद दिली नाही.

"आजोबा, तुम्ही नुसते भिताडाकडं बघून राहिले," एके दिवशी ती वैतागून म्हणाली. "माझं राहू द्या. डॉक्टरांचं बी राहू द्या. तुम्हाला स्वतःला काय करता आलं पाहिजे, ते सांगा की."

 आप्पांनी उजव्या हाताने गळ्यातली चांदीची डबी सदऱ्याबाहेर काढली.

आम्ही लिंगायत. लहानपणी दीक्षा झाली की लिंग गळ्यात येतं आणि जन्मभर अंगावर राहतं. रोज सकाळी ते डबीतून काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, हात छातीसमोर धरायचा आणि उजव्या हाताने भस्म, पाणी, बेलाचं पान वाहायचं. देव्हारा म्हणजे स्वतःचाच तळहात. आप्पांनी ही पूजा कधी चुकवली नव्हती. आता महिनाभर लिंग पाटावर ठेवून ते उजव्या हाताने पाणी वाहत होते. घरी आलेल्या स्वामींनी सांगितलं होतं की आजारपणात चालतं.

"स्वामी म्हणतेत चालतं," आप्पा मेघाला म्हणाले. "चालत आसंल. मला चालत न्हाई. हे ह्या हातावर पायजे. पूजा हुईस्तोवर."

"म्हंजे किती वेळ?"

"शंभर मोजस्तोवर."

मेघाने फॉर्म मांडीवर घेतला, वजनाच्या रकान्यावर आडवी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं: डावा तळहात, छातीसमोर, शंभर. मग विचारलं, "कधीपस्तोर?"

"श्रावणातला पयला सोमवार."

तिने तेही लिहिलं. मी पाहत होते. डॉक्टरांचा कागद परत देणाऱ्या माणसाने हा कागद उशीखाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिने त्यांचा हात उचलून धरला आणि मोजायला सुरुवात केली, "वन, टू..." आप्पा हाताकडे बघेचनात.

"मॅडम, आधी लाभ म्हणा."

"काय म्हणू?"

मी समजावून सांगितलं. ती हसली नाही. "लाभ," ती म्हणाली, आणि आप्पांच्या खांद्यात काहीतरी हललं. त्या दिवशी हात पाचपर्यंत राहिला.

तो उन्हाळा आठवला की मला आधी रंग आठवतात. निळे ड्रम, प्रत्येक दारापुढे रांगेने. पिवळी पडलेली कडुलिंबाची पानं. भांडी राखेने घासून नुसती पुसून ठेवलेली, म्हणून सगळ्या पितळेवर एक करडी झाक. मग वास. धुणं आठवड्यातून एकदाच, त्यामुळे घरात घामाचा आणि उन्हात तापलेल्या कापडाचा वास. आंघोळीचं पाणी परातीत उभं राहून घ्यायचं आणि तेच संडासाला टाकायचं. टँकर आठ दिवसांनी, कधी दहा दिवसांनी. तो सकाळी नऊच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी थांबे. पाइप खालच्या ड्रमपर्यंतच येत असे. तिथून बावीस पायऱ्या वर कळशीने.

डॉक्टर तेव्हाही मला वजन कमी करायला सांगतच होते. बारा वर्षांत हा सल्ला मला चार जणांनी दिला होता आणि दर वेळी मी आठवडाभर सकाळी गोदावरीकाठी फिरायला जाऊन सोडून दिलं होतं. आकडा उतरला काय आणि न उतरला काय, त्याने माझ्या दिवसात काही बदलत नव्हतं. कळशीचं तसं नव्हतं. पहिल्या दिवशी अकराव्या पायरीच्या कट्ट्यावर कळशी टेकवली तेव्हा छाती इतकी धडधडत होती की मी खाली बसले. वरून आप्पांची हाक आली, "नंदा, टेकवलीस का?"

"हाव, आप्पा."

"मंग मी बी टेकवितो." आणि त्यांनी हात खाली सोडला.

तेव्हापासून आमचं ठरून गेलं. न बोलता. मला कळशी कट्ट्यावर न टेकवता वर न्यायची होती, आणि त्यांना हात न टेकवता शंभर गाठायचं होतं. मी कळशी अर्धी भरून सुरुवात केली. मग पाऊण. रोज सकाळ-संध्याकाळ लाभपासून बाविसापर्यंत मोजत चढत असे.

गफूरचाचा यायचे ते शुक्रवारी दुपारी. आप्पांच्या काट्यावर पोती चढवणारे हमाल, सत्तरी ओलांडलेले, मानेवर अजून पोत्याचा घट्टा. ते दारातूनच ओरडायचे, "मापाडी! अभी तक हात उठ्या नै क्या? हम क्विंटल क्विंटल उठाते थे!"

"तू उचलायचास, डोकं न्हवतं म्हणून," आप्पा म्हणायचे. "बस. पाणी मागू नको."

"पानी कौन मांगता जी. मैं घर से पीके आया." मग खिशातून दोन चिंचेच्या गोळ्या निघत. एक आप्पांना, एक स्वतःला. त्या वर्षी उदगीरचा वेगळा जिल्हा होणार अशी बोलवा होती, तिच्यावर दोघांची तासभर चर्चा चाले. चाचांचं मत ठरलेलं होतं, "करू द्या नवा जिल्हा. रेल्वे का पानी इधरच रखो, बस."

वैशाखात आप्पा चाळिसापर्यंत आले आणि तिथेच अडकले. रोज चाळीस, एक्केचाळीस. मग हात थरथरायला लागे आणि लिंग घसरण्याआधी ते उजव्या हाताने झाकून घेत. पंधरा दिवस असे गेले. जेवण कमी झालं. मेघा म्हणाली की स्नायूंचं असंच असतं, मध्ये थांबतात. त्यांना ते पटलं असावं, पण एका संध्याकाळी ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "श्रावणापस्तोर होत न्हाई बघ हे." त्या आवाजाची मला भीती वाटली. फाल्गुनातल्या त्या पंधरा दिवसांत ऐकलेला तोच आवाज होता.

दुसऱ्या दिवशी मेघा आली नाही, म्हणून मोजायला मी बसले. पस्तीसपर्यंत मी नीट मोजलं. मग मी वेग वाढवला. एकदम नाही, हळूहळू, जिन्यावरून उतरताना आपसूक पावलं जलद पडतात तसा. पन्नास झाले, साठ झाले. आप्पांचा हात थरथरत होता पण वर होता. मी नव्वदवर आले, शंभर म्हणाले.

त्यांच्या चेहऱ्यावर काही उजळलं खरं. क्षणभरच. त्यांनी लिंग डबीत ठेवलं, झाकण लावलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"माप मारलंस, नंदाबाई."

लहानपणी मार देण्याआधी ते मला नंदाबाई म्हणत. मी काहीतरी सारवासारव केली की तुम्हाला बरं वाटावं म्हणून, की थोडंच.

"जास्ती मारलं काय न् कमी मारलं काय. मारलं ते मारलंच." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तीस वर्सं माझ्या आवाजावर लोकांनी माल घेतला. माझ्या कानाला कळत न्हाई व्हय शंभर किती लांब असतंय?"

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवण मी वाढायची, ते जेवायचे, ताट बाजूला सरकवायचे. व्यायाम बंद. मी कळशी घेऊन चढत होते आणि वरून 'टेकवलीस का' ही हाक येत नव्हती. मी कट्ट्यावर टेकवत होते आणि कुणाला सांगायचं राहिलं नव्हतं. त्यांना जिंकवायला गेले होते आणि जे थोडं खरंच त्यांचं होतं, ते चाळीस, तेही मी संशयास्पद करून ठेवलं होतं. हे मला तेव्हा इतक्या शब्दांत कळलं नव्हतं. नुसतं घर फार शांत वाटत होतं.

तिसऱ्या सकाळी त्यांनी हाक मारली. जमिनीवर मांडी घालून बसले होते, पाठ भिंतीला. मांडीवर त्यांचा पांढरा पंचा पसरलेला. "एक पळी पाणी आण. एकच."

मी आणलं. त्यांनी डावा हात छातीसमोर उचलला, लिंग तळहातावर ठेवलं आणि उजव्या हाताने ती पळी त्यावर ओतली. पाणी तळहाताच्या खळग्यात लिंगाभोवती साचलं. हात थरथरला तसं ते काठावरून सांडलं आणि पंच्यावर भाकरीएवढा ओला डाग पडला.

"आता मोजू नको कुणी," ते म्हणाले. "पूजा झाली न् पंचा कोरडा, तर झालं. पाण्याला मारता येत न्हाई."

त्या उन्हाळ्यात पळीभर पाणी सांडलेलं लगेच दिसायचं. नुसतं दिसायचं नाही, लागायचं. उन्हाने पंचा पाच मिनिटांत वाळत असे, म्हणून पूजा संपल्याबरोबर बघावं लागे. रोज सकाळी मी तो दोन्ही हातांनी धरून उजेडासमोर बघायची आणि जे असेल ते सांगायची. ओला. ओला. थोडा ओला, पण ओला. ज्येष्ठात डाग तळहाताएवढा झाला, आषाढात लिंबाएवढा. मेघाने फॉर्मवरचं 'शंभर' खोडून तिथे 'पंचा' असं लिहिलं. तिच्या दवाखान्यात त्यावरून तिला हसले म्हणे. याच काळात एके दिवशी मी पूर्ण भरलेली कळशी कट्ट्यावर न टेकवता वर नेली. आप्पांनी आवाजावरूनच ओळखलं. "सलग आलीस," ते म्हणाले. तेवढंच.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी गफूरचाचा नवा सदरा घालून आले होते. त्यांना सगळं माहीत होतं. पूजा झाली. पंच्यावर दोन थेंब होते, शेजारी शेजारी.

"दो बूंद क्या होते जी," चाचा म्हणाले. "छोड दो."

"दोन थेंब म्हंजे ओला," आप्पा म्हणाले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिथे फाल्गुनातलं काही नव्हतं. एखाद्या पोत्याचं वजन दोन किलो कमी भरलं, इतकंच होतं.

पंचा कोरडा राहिला तो एका साध्या बुधवारी. पाऊस अजून नावालाच होता, टँकर चालूच होते. मी कळशी कमरेवर घेऊन वर आले तेव्हा पूजा नुकतीच झाली होती. आप्पांनी तळहातातलं पाणी तीर्थ म्हणून पिऊन टाकलं, लिंग डबीत ठेवलं आणि पंचा माझ्यापुढे धरला. मी मोकळ्या हाताने चाचपला, गालाला लावला.

"कोरडा हाय."

"नीट बघ."

"नीट बघितलं, आप्पा."

"मंग उतरीव ती कळशी. कंबर मोडंल."

रजा संपून नांदेडला परतल्यावर डॉक्टरांनी मला काट्यावर उभं केलं. वजन होतं तेवढंच होतं. "काहीच फरक नाही," ते म्हणाले. मी हो म्हणाले. त्यांच्या काट्यावर नव्हताच.

आप्पा त्यानंतर दीड वर्षं होते. बहुतेक सकाळी पंचा कोरडा असायचा, काही सकाळी नाही. फोनवर ते प्रकृतीबद्दल दुसरं काही सांगत नसत. मी विचारायची, "आज?" ते म्हणायचे, "कोरडा," किंवा "ओला." एका पौषात ते झोपेतच गेले. आमच्यात माणसाला बसवून मातीत ठेवतात, मांडी घातलेली, डाव्या तळहातावर लिंग. स्वामींनी हात मांडीवर नीट टेकवून दिला. भस्म लावलं, बेल वाहिला. थोडं पाणी वाहिलं. सगळे रडत होते आणि माझी नजर त्यांच्या मांडीवरच्या पांढऱ्या कापडावर गेली. मी बघितलं. मग माती पडायला लागली.

हे सगळं यंदाच्या टँकरच्या हॉर्नने वर आलं. कॉलेजात गेल्यावर माझं लिंग मी डबीसकट कपाटात ठेवून दिलं होतं. बुद्धीला पटत नव्हतं, आणि आप्पांनी त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. आताही पटायला लागलं आहे असं मी म्हणणार नाही. पण गेल्या सोमवारी मी ते काढलं. जमिनीवर बसणं हेच मोठं काम निघालं. गुडघे वाकेनात. भिंत धरून बसले, आणि उठताना खुर्ची ओढून घ्यावी लागली. तेव्हा ठरवलं: हाताचा टेकू न घेता खाली बसायचं, पूजा होईपर्यंत पंचा कोरडा ठेवायचा, टेकू न घेता उठायचं. श्रावणातल्या पहिल्या सोमवारपर्यंत. आठ किलोंचं काय व्हायचं ते होवो.

आज सकाळी एकच हात टेकवून बसले. मांडीवर आप्पांचा तो पंचा, आता जुना, कडेला विरलेला. एक पळी पाणी. मनातल्या मनात लाभ म्हटलं, मग दोन, मग तीन. पन्नाशीच्या पुढे कोपर दुखायला लागलं. साठीच्या आसपास मला जाणवलं की मी भराभर मोजते आहे. कुणी ऐकत नव्हतं. मी मोजणं थांबवलं आणि नुसती तळहातातल्या पाण्याकडे बघत बसले.

पूजा झाल्यावर पंचा उजेडासमोर धरला. मग पुस्तकातून डॉक्टरांचा तो कागद काढला, उलटा केला, आजची तारीख घातली आणि पुढे लिहिलं: ओला.